कोपऱ्यातला म

कॉम्प्युटरच्या पडद्यावर आकडे मराठीत उमटले. श्रीधररावांच्या एका हातात खोबरेल तेलाची बाटली होती, दुसऱ्या हातात ते स्कॅनरचं मशीन. खटका दाबला तशी लाल रेघ बाटलीवरच्या काळ्या पट्ट्यांवर थरथरली, टीं असा आवाज झाला आणि समोरच्या कोऱ्या पानावर एका दमात आकड्यांची ओळ आली. ८९० आणि पुढे आणखी बरेच. चांगले ठसठशीत आकडे, शाळेत फळ्यावर गुरुजी काढायचे तसे. क्षणभर त्यांना बरंच वाटलं. मशीन बोललं तर खरं, आणि आपल्या भाषेत बोललं. मग त्यांनी बाटली डोळ्यांजवळ नेली. पट्ट्यांच्या खाली तेच आकडे इंग्रजीत छापले होते. मशीनला मराठी कुठून येणार? ते फक्त पट्ट्या वाचतं आणि कीबोर्डवर कोणी बोटं चालवावीत तशा कळा दाबल्याचं कॉम्प्युटरला कळवतं. त्या कळांची अक्षरं कोणत्या लिपीत पाडायची ते कॉम्प्युटर ठरवतो. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या शेजारी, एका लहानशा चौकोनात म हे अक्षर होतं. ते तिथे इतके महिने होतं आणि भिंतीवरच्या जुन्या डागाकडे जसं कोणी पाहत नाही तसं त्याच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. श्रीधररावांनी बाटली हळूच टेबलावर ठेवली, जणू आवाज झाला तर आतल्या खोलीत कळेल.

आतल्या खोलीत त्यांची बायको सुधाबाई सुपात तुरीची डाळ घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या पलीकडे, मागच्या खोलीत, सून समीक्षा बॅग भरत होती. संध्याकाळी तिचा भाऊ कैलास आंजीहून तिला माहेरी न्यायला येणार होता. थोडे दिवस जाते असं ती म्हणाली होती, पण तिनं हिवाळ्याचे आणि उन्हाळ्याचे असे दोन्ही कपडे काढले होते, आणि घरातल्या तिघांनाही त्याचा अर्थ समजत होता. सकाळी तिनं माळ्यावरून या मशीनचा खोका काढला, धूळ पुसली आणि श्रीधररावांसमोर ठेवला. "बाबा, येक डाव पाहून देता का? मी गेल्यावर दुकान तुमालेच पाहा लागन. भाव पाठ करायची गरज नाई, वस्तू नुसती याच्यासमोर धराची. सुरू झाली त झाली." खोक्याचा एक कोपरा फाटलेला होता. आतल्या मशीनच्या मुठीवर खरचटल्याचा पांढरा ओरखडा होता. त्यांच्या मुलाच्या, राजसच्या, पाठीवरच्या बॅगेतून हा खोका परत आला होता, पोलिसांनी दिलेल्या बाकीच्या सामानाबरोबर. तो कोणी उघडला नव्हता आणि कोणी टाकूनही दिला नव्हता. आपल्याकडे अशा वस्तूंसाठीच माळे असतात.

खरं तर श्रीधररावांनी हे काम एवढ्यासाठीच हातात घेतलं की त्यामुळे दुपार निघून जाणार होती. सून घर सोडून चालली आहे, आणि आपल्या तोंडून 'राह्य' एवढा शब्द निघत नाही, अशा दुपारी माणसानं करायचं काय? मशीन खराब आहे हे तर ठरलेलंच होतं. त्या खराब मशीनपायीच राजस गेला, हे या घरातलं एकमेव वाक्य होतं ज्यावर कोणाचा वाद नव्हता. त्याच्या पुढच्या वाक्यावर मात्र घर दुभंगलं होतं. पुढचं वाक्य सुधाबाईंचं होतं. "तिनंच पाठवलं त्याले," त्या म्हणायच्या. समीक्षाशी नाही, तिच्याशी त्या बोलतच नव्हत्या. श्रीधररावांशी, शेजारच्या शकुंतलाबाईंशी, कधी देवाशी, कधी फोडणीशी. "आजच जा म्हणे. उद्या गेला असता त काय बिघडलं असतं? पण नाई. आजच." आणि समीक्षा ते ऐकायची आणि काही बोलायची नाही, कारण ती तसं म्हणाली होती हे खरं होतं. नागपूरच्या दुकानदारानं मशीन बदलून द्यायची मुदत घातली होती, ती सरत आली होती, आणि कुठलीही बायको नवऱ्याला जे म्हणते तेच ती म्हणाली होती. राजस सकाळचं दुकान आटोपून मोटारसायकलवर निघाला. नागपूरच्या वाटेवर केळझरच्या पुढे ट्रकनं त्याला उडवलं.

खोक्यात एक घडीचं पुस्तक होतं. त्यात वाचायला फारसं काही नव्हतं. पानोपानी नुसते पट्ट्यांचे ठोकळे, आणि प्रत्येक ठोकळा म्हणजे मशीनला दिलेला एक हुकूम. हा ठोकळा दाखवला की मशीन आधीचं सगळं विसरतं. हा दाखवला की ते कॉम्प्युटरशी कीबोर्डसारखं वागायला लागतं. हा दाखवला की दर ओळीनंतर आपणहून पुढच्या ओळीवर जातं. श्रीधररावांना ही रीत आवडली. जन्मभर कचेरीत कारकुनी केल्यामुळे, बोलून न सांगता कागद दाखवून काम करून घ्यायचं, यात त्यांना काही नवल वाटलं नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि पहिला ठोकळा शोधला. त्याच्या कडेला पेन्सिलीची एक बारीक टिकली होती. दुसऱ्यावरही होती. तिसऱ्यावर टिकलीच्या खाली आणखी एक टिकली होती, म्हणजे ते दोनदा केलेलं होतं. राजस पेन्सिलीला टोक ठेवायचा नाही. लहानपणी गृहपाठाच्या वहीत त्याच्या टिकल्या अशाच जाड आणि पुसट असायच्या, आणि श्रीधरराव त्याला म्हणायचे, तुझं सगळं अर्धवट. अकरावीत नापास झाला तेव्हा म्हणाले होते. नोकरी सोडून घराच्या पुढच्या खोलीत दुकान टाकलं तेव्हा म्हणाले होते. आता पुस्तकावरून बोट फिरवताना त्यांच्या लक्षात आलं की पोरानं काहीही अर्धवट सोडलेलं नाही. विसरायचा ठोकळा आधी, मग कीबोर्डचा, मग ओळीचा. जे करायला हवं ते सगळं त्यानं हव्या त्या क्रमानं केलं होतं, आणि जिथे शंका आली तिथे पुन्हा केलं होतं. त्याची कुठेच चूक नव्हती.

तरीही बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रश्नचिन्हंच आली होती. आज श्रीधररावांनी आधी तेच उघडलं होतं, बाटली धरली होती, आणि वस्तूच्या रकान्यात प्रश्नचिन्हांची रांग उभी राहिली होती. खाली इंग्रजीत सूचना आली, अशी वस्तू दुकानात नाही. ती रांग त्यांनी त्याआधी कधी पाहिली नव्हती, पण ऐकली होती. मशीन नवं आलं त्या दिवसांत त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं होतं. सेवाग्रामहून घरी आणल्यावर डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्या डोळ्यानं मुळातच कमी दिसायचं, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की टीव्ही नाही, कॉम्प्युटर नाही, वाकायचं नाही. ते याच खोलीच्या आतल्या बाजूला खाटेवर पडून असायचे आणि घर कानानं पाहायचे. दुकानदाराशी फोनवर बोलणारा राजसचा आवाज त्यांना आत्ताही जसाच्या तसा आठवत होता. "हो भाऊ, तेबी करून पाह्यलं. नाई ना. नुसते प्रश्नचिन्ह येऊन राह्यले." त्यांनी खाटेवरूनच विचारलं होतं, काय झालं रे? आणि राजस म्हणाला होता, "काई नाई बाबा, पीस खराब निघाला. तुमी पडून राहा." ते पडून राहिले. उठून एकदा त्या पडद्यापाशी गेले असते, पट्टी असली तरी दुसऱ्या डोळ्यानं कोपऱ्यात पाहिलं असतं, तर त्यांना एका क्षणात कळलं असतं, कारण तो म तिथे आणणारे तेच होते. घरात ज्या एकालाच ते दिसलं असतं त्या एकाचाच डोळा बांधलेला होता.

मराठी त्यांनी आणली ती सुधाबाईंसाठी. निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे वेळच वेळ होता, आणि सुधाबाईंच्या जवसाच्या चटणीला, सांडगी मिरचीला, मुगवड्यांना राजसच्या दुकानात गिऱ्हाईक लागलं होतं. नुसत्या पुड्या ठेवल्या तर लोक विचारतात हे काय, ते काय, लेबल पाहिजे. तेव्हा श्रीधररावांनी कॉम्प्युटरमध्ये मराठी कीबोर्ड घातला आणि कळांवर मराठी अक्षरांचे बारीक चिकटपट्ट्यांचे तुकडे डकवले. कचेरीत त्यांनी मराठी टंकलेखनाची परीक्षा पहिल्या वर्गात काढलेली होती. ती विद्या बायकोला देताना त्यांना जो आनंद झाला तो त्यांनी कोणाला सांगितला नाही. सुधाबाई एका बोटानं टाईप करायच्या. ओठ हलवत अक्षर शोधायच्या आणि सापडलं की कळ अशी दाबायच्या जणू ती पळून जाईल. दुपारी राजस जेवून आडवा झाला, दुकानाचं दार लोटलं की ही त्यांची वेळ. प्रत्येक लेबलाच्या खाली त्या आपल्या मनानं एक ओळ घालायच्या, 'घरची आहे. झाकण घट्ट लावावे.' राजस हसायचा. म्हणायचा, "आई, लोकं झाकन लावतेच." आणि तरी त्यानं ती ओळ कधी काढली नाही. उठताना फक्त एक करायचं होतं, कळ दाबून कीबोर्ड पुन्हा इंग्रजीवर आणायचा. श्रीधररावांनी ते बजावून सांगितलं होतं, कारण त्या कीबोर्डला एक खोड होती. ज्या भाषेत सोडला त्याच भाषेत तो दुसऱ्या दिवशी उघडायचा, आणि तिसऱ्या दिवशीही, कोणी बदलेपर्यंत. सुधाबाईंच्या बहुतेक लक्षात राहायचं. कधी विसरायच्या. विसरल्या तरी दुकानाचं काही अडायचं नाही, कारण राजस बिलं करायचा ती कीबोर्डच्या उजव्या अंगाच्या, वेगळ्या ठेवलेल्या आकड्यांच्या कळांवर. त्या कळांना भाषा नसते. मराठी असो, इंग्रजी असो, तिथून साधे आकडेच जातात. मशीन येणार म्हणून वस्तूंचे पट्ट्यांखालचे नंबरही त्यानं तिथूनच सॉफ्टवेअरमध्ये भरून ठेवले होते. तो गेल्यावर समीक्षाही तिथूनच बिलं करत होती. नवं आलेलं मशीन मात्र वरच्या ओळीतले आकडे दाबतं, आणि त्या ओळीवर, सुधाबाई शेवटच्या विसरल्या त्या दिवसापासून, मराठी होती. बिलाच्या जुन्या सॉफ्टवेअरला मराठी माहीतच नव्हती. ज्याला काही समजत नाही त्यानं प्रश्नचिन्ह काढावं, तसं ते काढत राहिलं.

त्या दिवशी लेबलं तक्कूची होती. हे त्यांना पक्कं आठवत होतं, कारण दिवस कैऱ्यांचे होते आणि डोळा बांधलेल्या माणसाला वास फार येतात. सुधाबाईंनी किसलेल्या कैरीवर मेथीची फोडणी ओतली तो वास खाटेपर्यंत आला होता. त्यानंतर कळांचा आवाज. टक्. मग बराच वेळ काही नाही. टक्. त्यांना त्या आवाजानं झोप लागायची. मध्येच त्यांनी हाक मारली का? सुधा, पाणी दे, असं म्हणाले का? आणि ती उठताना कळ दाबायची विसरली का? म्हणाले असतील. त्या दिवसांत ते सारखंच काहीतरी मागायचे. पण तो दिवस तोच होता की आधीचा, हे त्यांना सांगता येईना, आणि जितकं आठवावं तितकी ती हाक अधिक खरी वाटायला लागली, म्हणून त्यांनी आठवणं सोडून दिलं. समोरच्या फळीवर तक्कूच्या बरण्या अजून होत्या. त्या विकायच्या राहून गेल्या होत्या, आणि घरात त्या उघडायला कोणाचा हात झाला नव्हता. तेल वर येऊन काळपट झालं होतं. लेबल मात्र नवंच्या नवं. कैरीचा तक्कू. घरचा आहे. झाकण घट्ट लावावे.

म्हणजे मशीन चांगलं होतं. राजस एक चांगलं मशीन बदलून आणायला गेला होता. श्रीधररावांनी हे वाक्य मनात एकदा म्हटलं, आणि त्यांना ते पुन्हा म्हणवेना. इतके महिने त्या खोक्याचा राग करता येत होता, त्या दुकानदाराचा, कारखान्याचा, ट्रकवाल्याचा तर येतच होता. आता खोका निर्दोष सुटला. आणि समीक्षाही सुटली, कारण चांगलं मशीन घेऊन जा असं तिनं म्हटलं नव्हतं. तिला जे दाखवलं गेलं त्यावरून ती बोलली. हे तिला सांगायला हवं होतं. संध्याकाळच्या आत. ती इथून निघाली तर आपण नवऱ्याला मरायला पाठवलं, हे ओझं घेऊन जन्मभर आंजीत बसेल, आणि तिथली माणसं कितीही मायेची असली तरी ते ओझं उतरवणं त्यांच्या हातात नव्हतं. ते फक्त इथल्या माणसाच्या हातात होतं, आणि ज्याच्या हातात होतं तो खुर्चीत नुसता बसला होता. कारण सांगायचं म्हणजे अर्धं सांगता येत नव्हतं. मशीन चांगलं होतं म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग बिघडलं कशानं? आणि त्याचं उत्तर आतल्या खोलीत सुपातले खडे वेचत बसलं होतं. पोर गेलं त्या दिवसापासून सुधाबाई रडल्या नव्हत्या. लोक म्हणायचे, बाई मोठ्या धीराची. श्रीधररावांना माहीत होतं की तो धीर नव्हता. सुधाबाईंनी सगळं दुःख समीक्षाचा राग करून उभं धरलं होतं, आणि तो राग काढून घेतला तर त्या उभ्या राहिल्याच नसत्या. एकीला सोडवायचं तर दुसरीला त्याच जागी नेऊन बसवायचं. त्या बाईबरोबर त्यांनी सगळा संसार केला होता. तिला आपण शिकवलेली अक्षरं तिच्यासमोर अशी नेऊन ठेवायची, हे त्यांच्यानं होणार नव्हतं. आणि समीक्षाला असंच जाऊ देणं, तेही होणार नव्हतं. एकदा त्यांच्या मनात आलं की मशीनची वायर काढावी, खोका बंद करावा आणि म्हणावं, नाही बेटा, खराबच आहे. त्यांचा हात वायरीपर्यंत गेलाही होता.

"सुरू झाली का बाबा?"

समीक्षा चहाचा कप घेऊन उभी होती. तिनं जायची साडी नेसली होती. श्रीधररावांचा हात वायरीवरून उचलला गेला आणि कीबोर्डवर आला, आणि त्यांनी ती कळ दाबली. कोपऱ्यातला म गेला, तिथे इंग्रजी अक्षरं आली. त्यांनी बिलाचं सॉफ्टवेअर उघडलं, बाटली उचलली, खटका दाबला. टीं. खोबरेल तेल, त्याचं माप, त्याचा भाव, सगळं एका ओळीत येऊन बसलं. समीक्षानं कप टेबलावर ठेवला. तिनं फळीवरून एक साबण घेतला आणि त्यांच्यासमोर धरला. टीं. साबण आला. मग बिस्किटाचा पुडा. टीं. तिसऱ्या वेळेला तिचा हात थांबला.

"मंग त्यायच्या हातानं काऊन नाई झाली?" ती म्हणाली. आवाज शांत होता. "त्यायनं त लय करून पाह्यलं. जेवले नाई त्या दिवशी नीट, याच्याच मागं लागले होते."

आत सुपाचा आवाज थांबला.

"मशीनले काई झालंच नव्हतं बेटा," श्रीधरराव म्हणाले. त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा आवाज मोठा निघाला. "चांगलीच होती. कीबोर्ड मराठीवर राह्यला होता, म्हनून तिचे आकडे याले समजत नव्हते. येक कळ दाबाची होती. मी टाईप करत बसलो असन अन् तसाच ठेवून उठलो असन. हे माह्यानं झालं. तुह्यानं काई नाई झालं. तू म्हनली नसती जा, तरी तो गेलाच असता. खराब झाली असं वाटल्यावर कोन थांबते?"

हे त्यांनी बाटलीकडे पाहत म्हटलं. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती आणि जुळवायला वेळही मिळाला नव्हता. म्हणून ते बोलून गेल्यावरच त्यांच्या लक्षात आलं की हे खोटं या घरात चालणारं नाही. त्या दिवसांत त्यांच्या डोळ्यात थेंब टाकायची ती समीक्षाच. ती पट्टी उचलायची, थेंब टाकायची, पट्टी ठेवायची, आणि कॉम्प्युटरकडे तोंडही करू नका असं डॉक्टरांच्या वतीनं दटावायची. ते त्या खुर्चीत बसलेले नव्हते हे तिच्याइतकं दुसऱ्या कोणाला माहीत असणार? समीक्षा कीबोर्डकडे पाहत होती. चिकटपट्टीचे तुकडे मधल्या काही कळांवर बोटांनी काळे पडले होते. मग तिनं फळीवरच्या बरण्यांकडे पाहिलं, मग आतल्या दाराच्या पडद्याकडे. पडद्याखाली सुधाबाईंची पावलं दिसत होती. कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे. समीक्षाला सगळं कळल्याचं श्रीधररावांना तिच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांना वाटलं, आता ही बोलेल. आणि बोलली तर तिचा हक्कच होता. इतके महिने तिनं एका घरात राहून पाठमोऱ्या माणसाचे टोमणे खाल्ले होते. एकदा तोंड उघडून म्हणाली असती की बाबा नाही, कोण ते सांगा, तर तिला कोण अडवणार होतं?

"हो," समीक्षा दाराच्या पडद्याकडे पाहत म्हणाली. "बाबाच बसत होते. मी पाह्यलं होतं."

रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला आणि त्याचा आवाज पार वळणापर्यंत ऐकू येत राहिला. मग पडदा सरकला. सुधाबाई बाहेर आल्या. पदराला तुरीचा भुसा लागलेला होता. त्या नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि आजारी माणसाला समजावतात तशा आवाजात म्हणाल्या, "तुमचा त डोळा बांधला होता."

"सुधा, तू बस आधी," श्रीधरराव म्हणाले.

"हिरवी पट्टी होती. ही थेंब टाकत होती." सुधाबाईंनी 'ही' म्हटलं, 'ती' नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. "दुपारी मी बसत होती. तक्कूचे लेबलं करत होती मी." त्या खुर्चीशी आल्या. श्रीधरराव उठले, आणि त्या बसल्या, नेहमी बसायच्या तशाच, खुर्चीच्या टोकावर. कॉम्प्युटरच्या पडद्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. कीबोर्ड जवळ ओढला आणि एका कळेवरचा चिकटपट्टीचा तुकडा नखानं उचकटायला सुरुवात केली. निघेना. नख घसरत होतं. एक निघाला, तो त्यांनी खाली टाकला. दुसऱ्याला हात घातला. ओठ हलत होते, अक्षर शोधताना हलायचे तसे, पण आवाज येत नव्हता. श्रीधररावांना त्यांचे हात धरायचे होते आणि त्यांच्या हातात अजून ते मशीन होतं. ते कुठे ठेवावं हेच त्यांना सुचेना. समीक्षा जायच्या साडीनिशी खाली उकिडवी बसली. तिनं फरशीवरचा तुकडा वेचला, उजेडाकडे धरून कुठलं अक्षर आहे ते पाहिलं आणि पुन्हा त्याच्या कळेवर ठेवून अंगठ्यानं दाबून धरला.

"राहू द्या आई," ती म्हणाली. "लेबलं कोन लिहीन मंग?"

सुधाबाईंचा हात तसाच राहिला. मग त्यांच्या घशातून एक आवाज निघाला जो श्रीधररावांनी या घरात आजवर ऐकला नव्हता, राजसला दारात आणून ठेवलं तेव्हाही नाही. त्या खुर्चीवरून घसरत खाली आल्या आणि सुनेच्या मांडीत तोंड घालून रडू लागल्या. माह्या हातानं गेला गं, एवढंच पुन्हा पुन्हा. समीक्षा नाही म्हणाली नाही, होही म्हणाली नाही. ती एक हात त्यांच्या पाठीवरून फिरवत राहिली आणि दुसऱ्या हाताचा अंगठा तिनं कळेवरून काढला नाही, कारण त्या तुकड्याचा डिंक जुना झाला होता आणि तो सारखा सुटत होता. आणि मग तीही रडायला लागली. श्रीधरराव पाहत उभे होते. इतके महिने या घरात कोणीतरी चुकलं होतं, म्हणून राजस नुसता गेलेला नव्हता. तो पाठवला गेला होता, अडवता आला असता, उद्या गेला असता तर वाचला असता. भांडायला का होईना, तो रोज घरात होता. आता चूक वाटून घ्यायला गेलं तर कोणाच्याच वाट्याला पुरेशी येत नव्हती. एक कळ, एक हाक, एक 'आजच जा'. यातल्या कशानंही माणूस मरत नाही. राजस मेला होता, आणि त्यांना ते आज कळलं.

बाहेर मोटारसायकल थांबली. कैलास चपला काढून आत आला. त्यानं फरशीवरच्या दोन बायका पाहिल्या, मशीन धरून उभे असलेले म्हातारे पाहिले आणि उंबऱ्यातच थबकला. "बाबूजी," तो हळूच म्हणाला, "सामान कुठी हाय ताईचं?"

"बस कैलास," श्रीधरराव म्हणाले. समीक्षा राहील की जाईल हे सांगायचा हक्क त्यांना आपला वाटला नाही. तिनं मान वर केली नाही. श्रीधररावांनी हातातलं मशीन टेबलावर ठेवलं. ठेवताना खटका दाबला गेला, लाल रेघ फळीवरच्या बरणीवर पडली आणि तिथेच थरथरत राहिली. सुधाबाईंच्या लेबलावर पट्ट्या नव्हत्या. मशीनला तिथे वाचण्यासारखं काही सापडलं नाही.